लिनक्सवरचा सी-फोर्ट्रान सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) विंडोजवर न्यायचाय. कोणता कंपायलर घेऊ? एकदा कंपाइल झालं की काम संपलं ना? साधारण किती दिवस धरू?

कंपायलरचं आधी उरकतो. एमएसवायएस२ (विंडोजवर जीसीसीसारखी साधनं देणारा संच) टाका, त्यातलं यूसीआरटी६४ हे एन्व्हायर्नमेंट वापरा, आणि पॅकमॅन या त्याच्या पॅकेज मॅनेजरने जीसीसी आणि जीफोर्ट्रान हे कंपायलर, ओपनब्लास ही मॅट्रिक्स-गणिताची लायब्ररी, आणि बिल्डसाठी सीमेक आणि निंजा उतरवून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरच्या नादी लागू नका. त्यात फोर्ट्रान नाही, सीमधले व्हेरिएबल लेंग्थ (चालतानाच लांबी ठरणारे) अ‍ॅरे नाहीत, आणि सीच्या कॉम्प्लेक्स संख्यांवर साधी अधिक-गुणिलेची चिन्हंसुद्धा चालत नाहीत. जुना संख्यात्मक कोड याच गोष्टींवर उभा असतो.

खरं तर मी लिहायला बसलो ते तुमच्या मधल्या प्रश्नामुळे. नाही, काम संपत नाही. कंपाइल करणं हा यातला सोपा भाग आहे, कारण एरर दिसतो आणि दिसला की दुरुस्त होतो. विंडोजवर जे घात करतं ते एररच देत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार फाइलचा. मॅट्रिक्सची बायनरी फाइल एफओपनने (सीचं फाइल उघडणारं फंक्शन) नुसत्या ‘आर’ मोडमध्ये उघडलेली असते. लिनक्सला टेक्स्ट आणि बायनरी सारखंच, त्यामुळे वर्षानुवर्षं ते खपून जातं. विंडोजवर ‘आर’ म्हणजे टेक्स्ट मोड, आणि त्यात वाचताना २६ किमतीचा बाइट आला की फाइल संपली असं धरलं जातं. डबलचे आठ-आठ बाइट वाचत गेलात की काही डझन आकड्यांत तो बाइट बहुधा कुठेतरी येतोच. वाचणारं फंक्शन एफरीड तिथे थांबतं आणि किती आकडे वाचले ते परत सांगतं, पण ती परतीची व्हॅल्यू तपासतो कोण? उरलेल्या अ‍ॅरेत शून्यं किंवा कचरा, आणि सॉल्व्हर त्यावरही बिनदिक्कत उत्तर काढून देतो. लिहितानाही गडबड आहेच: १० चा बाइट आला की त्याच्या आधी १३ चा बाइट घुसतो आणि तिथून पुढचे सगळे आकडे एक बाइट सरकतात. नुसते डबल लिहिलेल्या फाइलच्या आकाराला आठने भाग जात नसेल तर हेच झालंय असं समजा. उपाय एका अक्षराचा: ‘आरबी’ आणि ‘डब्ल्यूबी’. ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारून एकूण एक एफओपन बघा, आणि प्रत्येक एफरीडची परतीची व्हॅल्यू तपासा.

दुसरा शत्रू लाँग, म्हणजे सीमधला पूर्णांकाचा एक प्रकार. ६४-बिट लिनक्सवर तो आठ बाइटांचा, ६४-बिट विंडोजवर चारच बाइटांचा, पॉइंटर मात्र दोन्हीकडे आठचा. स्पार्स (बहुतेक शून्यं असलेल्या) मॅट्रिक्सचे इंडेक्स लाँगमध्ये असतील तर २१४ कोटींच्या पुढे गेल्यावर ते बहुधा ऋण होतात, आणि छोट्या टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही. फोर्ट्रानकडे आठ बाइटांचा इंटिजर आणि सीकडे लाँग अशी जोडी असेल तर पहिल्याच कॉलमध्ये कचरा जातो. सरळ इंट६४_टी करा, फोर्ट्रानमध्ये सी_इंट६४_टी. फाइलमधली जागा बदलणारं एफसीक आणि सांगणारं एफटेल हीही लाँगवरच चालतात, तेव्हा २ जीबीपेक्षा मोठ्या फाइलला _एफसीकआय६४ आणि _एफटेलआय६४ लागतील. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. विंडोजवरचा डिफॉल्ट इंटिजर ६४ बिटांचा व्हायला नमपायलासुद्धा (पायथनची गणिती लायब्ररी) २०२४ उजाडावं लागलं, २.० आवृत्तीत.

बाकीचं भराभर. मेन थ्रेडचा स्टॅक (लोकल व्हेरिएबल्सची जागा) लिनक्सवर सहसा ८ एमबी असतो, विंडोजवर १-२ एमबीच. सबरूटीनमध्ये मोठे लोकल अ‍ॅरे असतील तर ते अ‍ॅलोकेटेबल करा, नाहीतर लिंकरला मोठा स्टॅक मागा. यादृच्छिक आकडे देणारं रँड() विंडोजवर ३२७६७ च्या वर जात नाही, त्यावर बेतलेलं माँटे कार्लो मोडीत काढा. क्लॉक() तिथे सीपीयूचा वेळ देत नाही, घड्याळातला वेळ देतं. आणि सोर्समध्ये ‘ऑक्स.सी’ नावाची फाइल असेल तर आधी तिचं नाव बदला, कारण डॉसच्या काळापासून ते नाव राखीव आहे आणि गिटचं चेकआउटच अडकतं.

आता कुणीतरी म्हणेलच, एवढा खटाटोप कशाला, विंडोजवाल्यांना लिनक्स टाकायला सांगा. आमच्याकडच्या एका सिनियरांशी माझा यावरून जुना वाद आहे. त्यांच्या मते पोर्टिंग म्हणजे फुकटची हमाली. पण पॉलिटेक्निकच्या लॅबमधल्या पोराकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड नसतो आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं, तो लिनक्स टाकणार कसा? त्याला झिप उघडली की चालणारी एक्झी लागते. शिवाय न तपासलेलं एफरीड लिनक्सवरही दोषच आहे, अर्धवट कॉपी झालेल्या फाइलवर तिथेही तेच खोटं उत्तर मिळणार. विंडोजने तो फक्त उघडा पाडला.

झिपमध्ये लिबजीफोर्ट्रान, लिबक्वाडमॅथ, लिबजीसीसी, विनपीथ्रेड आणि ओपनब्लासच्या डीएलएल (एक्झीला चालताना लागणाऱ्या लायब्ररी फाइली) घालायला विसरू नका. ऑब्जडंप -पी या कमांडने यादी मिळते, पण त्या डीएलएलना आणखी कोणत्या लागतात तेही त्याच कमांडने बघा.

उत्तरं शेवटच्या अंकापर्यंत जुळणार नाहीत, आणि तसा हट्टही धरू नका. ओपनब्लास प्रोसेसर बघून कर्नल (आकडेमोडीचा त्या प्रोसेसरसाठीचा कोड) निवडतं आणि थ्रेड बदलले की बेरजेचा क्रम बदलतो. रिलेटिव्ह रेसिड्युअल, म्हणजे उत्तर समीकरणात परत घातल्यावर उरणारी सापेक्ष चूक, तपासा. मॅट्रिक्सची कंडिशन चांगली असताना (म्हणजे छोट्या चुकीने उत्तर फार हलत नसताना) तिसऱ्याच अंकात फरक पडला, तर मात्र तो बेरजेच्या क्रमावर ढकलू नका. आधी वरच्या दोन गोष्टी बघा, फाइलचा मोड आणि लाँग.

दिवसांचं म्हणाल, तर कोडमध्ये लाँग किती ठिकाणी आहे ते मोजा, अंदाज त्यावरूनच येईल. आणि मशीन तुमचंच असेल, वापरणारे तुम्ही एकटेच असाल, तर डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) घेऊन मोकळे व्हा. फक्त डेटा सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या बाजूने तो वाचायला फार वेळ लागतो.