राउमडॉयटर, जागा आणि जागल्या

प्रश्न असा आला आहे: "माझी मुलगी १४ वर्षांखालच्या संघात फुटबॉल खेळते. परवा तिचे प्रशिक्षक तिला म्हणाले, 'तू आमची राउमडॉयटर.' ती खूश आहे, पण अर्थ विचारला तर एवढंच सांगते की जर्मन फुटबॉलपटू थॉमस म्युलरला तसं म्हणतात. शोधल्यावर 'अंतराळ दुभाष्या' असं भाषांतर मिळालं. हा शब्द मुळात काय आहे, आणि मराठीत त्याला काय म्हणावं?"

'अंतराळ दुभाष्या' आधी बाजूला ठेवू या. त्यात दोन्ही अर्धे चुकले आहेत.

जर्मन भाषेत 'राउम' म्हणजे जागा. खोलीलाही राउम म्हणतात, मोकळ्या पटांगणालाही आणि आकाशातल्या पोकळीलाही. आपल्या शब्दातला राउम मैदानावरचा आहे: दोन बचावपटूंच्या मधली, कुणाचं लक्ष नसलेली चार पावलांची जागा. 'डॉयटर' हे 'डॉयटन' या क्रियापदाचं कर्तृवाचक रूप. डॉयटन म्हणजे खुणांवरून अर्थ लावणं. जर्मन भाषेतला 'अर्थ' हा शब्द, बेडॉयटुंग, याच क्रियापदापासून झाला आहे. दुभाष्या एका भाषेतलं बोलणं दुसऱ्या भाषेत सांगतो, त्याच्याशी डॉयटरचा संबंध नाही. या क्रियापदाचा आणखी एक साधा अर्थ आहे, बोटानं दाखवणं. म्युलरला खेळताना पाहिलं असेल तर हाही अर्थ पटेल. चेंडू दुसऱ्याच्या पायात असतो आणि याचे हात सतत चाललेले असतात: तिकडे दे, इकडे ये, तू पुढे हो. तो इतका बोलतो की जर्मनीत त्याचं एक टोपणनाव 'रेडिओ म्युलर' आहे.

शब्दाची खरी गंमत मात्र 'डॉयटर' जोडून होणाऱ्या जुन्या शब्दांत आहे. 'श्टेर्नडॉयटर' म्हणजे ताऱ्यांवरून भविष्य सांगणारा, ज्योतिषी. 'ट्राउमडॉयटर' म्हणजे स्वप्नांचा अर्थ सांगणारा. फ्रॉईडच्या स्वप्नांवरच्या प्रसिद्ध ग्रंथाचं नावही 'ट्राउमडॉयटुंग' असंच आहे. आता ट्राउमडॉयटरमधला पहिला 'ट' काढून टाका: राउमडॉयटर उरतो. स्वप्न गेलं, जागा राहिली. जर्मन कानाला ही कोटी लगेच कळते, आणि त्या 'डॉयटर'ला चिकटलेलं ज्योतिष्याचं, गूढविद्येचं वलयही सोबत येतं. दुसऱ्या भाषेत नेताना नेमकं हेच गळून पडतं.

हा शब्द स्वतः म्युलरनं स्वतःला लावला. जानेवारी २०११ मध्ये 'झ्युडडॉयचे त्सायटुंग' या दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत, आपण नेमके कोण या प्रश्नावर विचार करता करता त्याच्या तोंडून तो निघाला, आणि हा मथळा म्हणून छान दिसेल, असंही त्यानं लगेच सुचवलं. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पुढे 'फुटबॉल मॅनेजर' या संगणक-खेळानं खेळाडूची एक भूमिका म्हणून तो शब्द जसाच्या तसा घेतला आणि जगभरची पोरं तो वापरू लागली. तुमच्या मुलीच्या प्रशिक्षकांपर्यंतही तो याच वाटेनं आला असण्याची शक्यता आहे.

त्याला असा नवा शब्द का लागला, हे त्याच्या खेळातून कळतं. म्युलर बव्हेरियातल्या पेल या छोट्या गावात वाढला आणि २००० साली, वयाच्या दहाव्या वर्षी, बायर्न म्युनिक या क्लबच्या युवा शाखेत आला. तिथल्या दुसऱ्या संघात हेर्मान गेर्लांट प्रशिक्षक होते आणि त्यांचे सहायक होते गेर्ड म्युलर, १९७० च्या विश्वचषकात १० गोल करणारे. दोन्ही म्युलरांचं नातं काही नाही. म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा, आणि हे आडनाव जर्मनीत पावलोपावली भेटतं. पण गोलसमोर नेमक्या जागी असण्याची विद्या दोघांत सारखी होती, आणि राष्ट्रीय संघातला १३ क्रमांकही.

थॉमस म्युलरकडे पाहून हा मोठा खेळाडू आहे असं वाटत नाही. पाय काटकुळे, मोजे घसरलेले, धावणं जरा वेडंवाकडं. तो फार वेगवान नाही, चार जणांना चकवत जात नाही, लांबून तोफ डागत नाही. आघाडीपटू, पंखावरचा, दहा नंबरचा, मैदानावरच्या भूमिकांच्या या नावांपैकी कुठलंच त्याला पुरतं बसत नाही. मार्च २०१० मध्ये म्युनिकला अर्जेंटिनाविरुद्ध त्यानं राष्ट्रीय संघात पदार्पण केलं. सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेत शेजारी बसलेला हा पोरगा खेळाडू आहे हे अर्जेंटिनाचे प्रशिक्षक दिएगो माराडोना यांना कळलंच नाही. तो चेंडू आणून देणारा मुलगा आहे असं समजून ते उठून गेले. चार महिन्यांनी केपटाउनला विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत तेच दोन संघ पुन्हा भेटले. तिसऱ्याच मिनिटाला सहकारी श्वाइनश्टायगरची फ्री किक आली आणि म्युलरनं डोक्यानं गोल केला. जर्मनी ४-० नं जिंकली. त्या स्पर्धेत त्याचे ५ गोल झाले. तेवढेच आणखी तिघांचेही होते, पण गोलला हातभार लावण्यात तो पुढे असल्यामुळे सर्वाधिक गोल करणाऱ्याचा सुवर्णबूट त्याला मिळाला.

बायर्नमध्ये तेव्हा लुई व्हान गाल प्रशिक्षक होते. 'म्युलर श्पील्ट इमर', म्युलर नेहमी खेळणारच, हे त्यांचं वाक्य जर्मनीत जवळजवळ म्हणीसारखं झालं आहे. ते खरंही ठरलं. २०२५ मध्ये त्यानं बायर्न सोडून कॅनडातल्या व्हँकुव्हरची वाट धरली, तोवर त्याचे क्लबसाठी ७५० हून अधिक सामने झाले होते आणि बुंडेसलिगाची, म्हणजे जर्मनीतल्या अव्वल साखळी स्पर्धेची, १३ विजेतेपदं त्याच्या नावावर होती. मला मात्र त्याचा सगळ्यात बोलका आकडा २०१९-२० च्या हंगामातला वाटतो: बुंडेसलिगात २१ गोलांसाठी पास. जागा ओळखणारा माणूस ती फक्त स्वतःसाठी ओळखत नाही, हे त्यातून कळतं.

मुलीला एकच गोल दाखवायचा असेल तर ८ जुलै २०१४ चा दाखवा. बेलो होरिझोंते, ब्राझीलविरुद्धचा उपांत्य सामना, अकरावं मिनिट. सहकारी क्रोसचा कॉर्नर येतो, गोलसमोर ढकलाढकली चालू आहे, आणि मागच्या बाजूला म्युलर एकटा उभा. शेजारी कुणीच नाही. तो पायाच्या आतल्या बाजूनं चेंडू सहज आत ढकलतो. पुढे तो सामना ७-१ झाला, म्हणून हा पहिला गोल लोकांच्या लक्षात राहत नाही. चेंडू येण्याआधीची तीन सेकंदं पुन्हा पुन्हा पाहा, शब्दाचा अर्थ तिथे आहे.

या विद्येला मर्यादाही आहे. २०१० आणि २०१४ च्या विश्वचषकांत प्रत्येकी ५ गोल करणाऱ्या या माणसाला २०१८ आणि २०२२ मध्ये एकही करता आला नाही, आणि युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या चार युरो स्पर्धा खेळूनही त्या स्पर्धेत त्याचा गोल नाही. माझ्या मते याचं एक कारण त्या शब्दातच आहे. ज्याला जागेचा अर्थ लावायचा त्याला आधी जागा लागते. समोरचा संघ सगळा मागे येऊन दाटीनं उभा राहिला की वाचायला काही उरत नाही.

आता मराठी. 'अवकाश' हा शब्द मला मोहात पाडतो, कारण त्यात स्थळ आणि काळ दोन्ही आहेत. 'गाडी यायला अजून अवकाश आहे' म्हणतो तेव्हा आपण वेळेबद्दल बोलतो, आणि म्युलरची अर्धी कला वेळेचीच आहे. पण आज 'अवकाश' म्हटलं की डोळ्यांपुढे यान आणि उपग्रह येतात. 'अवकाशवेत्ता' म्हटलं तर मैदान सुटलंच.

'जागा' बरी. मैदानावर मराठी पोरं 'मोकळ्या जागेत जा' असं ओरडतातच. शिवाय गाण्यातली जागा आपल्याकडे आहे: 'काय जागा घेतली!' ठेक्याच्या आणि शब्दांच्या मध्ये गायकाला एक फट दिसते आणि तो तिथे नेमका पोचतो. जागा 'घेणं' हे क्रियापद म्युलरलाही शोभतं. फरक इतकाच की गायकाची जागा नटलेली असते आणि म्युलरची अगदी साधी, बिनदागिन्याची.

'डॉयटर'च्या वलयाला आपल्याकडे सगळ्यात जवळचा माणूस पाणाड्या. वर सगळ्यांना कोरडी जमीन दिसते आणि हा झाडाझुडपांवरून, मातीवरून सांगतो की इथे खणा. खुणा वाचणं आणि बोटानं दाखवणं, दोन्ही आलं. पण पाणाड्या म्हटलं की पाणीच आठवणार, त्याला मैदानावर आणता येत नाही.

सामन्याच्या वर्णनात, बातमीत लिहायचं असेल तर 'जागा हेरणारा' हे सरळ आणि पुरेसं आहे. 'रत्नपारखी'च्या चालीवर 'जागापारखी'ही चालेल. टोपणनाव हवं असेल तर माझं मत 'जागल्या'ला. रात्री गावाची किंवा उभ्या पिकाची राखण म्हणजे जागल, आणि ती करणारा जागल्या. इतर झोपलेले असताना जो जागा असतो तो. ब्राझीलविरुद्धच्या त्या कॉर्नरला बचावपटूंचं नेमकं काय झालं ते आठवा. आणि इथे मराठीनं आपल्याला न मागता एक कोटी देऊन ठेवली आहे. 'ती जागा' म्हणजे ठिकाण, हा शब्द फारसीतून आला. 'तो जागा' म्हणजे झोपलेला नसलेला, हा संस्कृतच्या 'जागृ' धातूपासून. दोघांचं मूळ वेगळं, पण मराठीत येऊन रूप एक झालं. जर्मन भाषेला स्वप्नातून जागेवर यायला एक अक्षर काढावं लागतं. आपल्याकडे स्वप्नातून बाहेर आलेला माणूस मुळातच 'जागा' असतो.

एक अडचण सांगतो. हल्ली वर्तमानपत्रं 'जागल्या' हा शब्द संस्थेतला गैरव्यवहार उघडकीला आणणाऱ्यासाठी वापरतात. तो वापर चांगला आहे आणि रुळलाही आहे. पण फुटबॉलच्या संदर्भात घोटाळा होईल असं मला वाटत नाही.

तुमच्या मुलीसाठी जर्मन रूप 'राउमडॉयटरिन' होईल. मराठीत 'जागलीण' करता येईल, पण मला ते ओढूनताणून केल्यासारखं वाटतं, आणि तिच्यासाठी नाम बनवायची गरजही नाही. 'जागी' हे 'जागा'चं स्त्रीलिंगी रूप, आणि 'जागी' म्हणजे त्या ठिकाणीही. पुढच्या सामन्यात बाकीच्या सगळ्यांच्या नजरा चेंडूवर असताना तिनं मागच्या खांबापाशी उभं राहून गोल केला, तर प्रशिक्षकांना एवढंच म्हणू द्या: ती जागी होती.