गॅस संपत नसतो : एसीबद्दल वाचकांचे प्रश्न

होळी झाली की नागपुरात कुलरच्या ताट्या बदलायला निघतात आणि एसी मेकॅनिकचा फोन लागेनासा होतो. या महिन्यातली बहुतेक पत्रं एसीचीच आहेत.

प्रश्न : चार वर्षांचा दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे. सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाने मीटर लावून दहा मिनिटांत सांगितलं, "काकू, गॅस कमी आहे, टॉप-अप करावा लागेल." गॅस दर दोन-तीन वर्षांनी भरावाच लागतो का? (मानेवाडा)

नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. पैसे दोनदा जातात, थंडावा एकदाच मिळतो.

आधी तो मीटर खरं बोलतोय का, ते पाहा. फिल्टर धुळीने बंद असेल किंवा आतली कॉइल मळलेली असेल तर कॉइलवरून हवा कमी जाते आणि प्रेशर आपोआपच कमी दिसतं. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे नुसत्या काट्यावरून गॅस ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. म्हणून आधी सफाई, मग मोजमाप. पंधरा-वीस मिनिटं एसी १८ वर चालवा. वरच्या जाळीपाशी आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं आणि खालून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान साध्या डिजिटल थर्मामीटरने घ्या. फरक ८ ते १२ अंशांचा असेल तर गॅसला हात लावू देऊ नका.

फरक ३-४ अंशांवरच अडत असेल, तर बाहेरच्या युनिटला तांब्याच्या नळ्या जिथे जोडल्या आहेत, तिथले दोन पितळी नट बघा. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गळती असेल तर नटाभोवती तेलकट ओल येते, तिच्यावर आपली धूळ बसते आणि काळपट चिकट कडं तयार होतं. बोट फिरवलं की कळतं. त्यावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला की गळती तिथेच. नट कोरडे असतील तर मेकॅनिकने नायट्रोजन भरून आतली कॉइल तपासावी.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप निदान वीस-तीस मिनिटं चालायलाच हवा. "थोडा गॅस सोडून हवा काढतो" म्हणणाऱ्याला थांबवा. नळीत राहिलेला ओलावा तेलात मिसळून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसर खातं. गॅस कोणता आणि किती ग्रॅम, हे बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. तेवढाच, वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून भरायचा. तुमच्या एसीत आर-३२ असण्याची शक्यता जास्त. तो थोडा ज्वलनशील असतो, म्हणून काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा आणि नळीत गॅस असताना वेल्डिंगची ज्योत जवळ येऊ देऊ नका.

प्रश्न : एप्रिल-मे मध्ये आमच्या एसीच्या पाइपातून पाण्याचा थेंब पडत नाही. बिघाड तर नाही? (खामला)

खोली गार होत असेल तर बिघाड नाही. पाणी एसी तयार करत नाही, ते हवेतलं असतं. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १२ टक्के असेल तर त्या हवेतलं बाष्प ८ अंशांच्या आसपास येईपर्यंत पाणी होत नाही. कॉइल साधारण तेवढीच गार असते, मग टपकणार काय? मुंबईत हाच एसी दिवसाला बादली भरेल.

खरी गंमत जूनमध्ये होते. आतल्या कॉइलखाली पाणी झेलणाऱ्या, तीन महिने कोरड्या पडलेल्या ट्रेमध्ये धूळ आणि शेवाळाचा थर बसलेला असतो. मृगाचा पहिला दमट दिवस उजाडला की पाणी पाइपातून न जाता भिंतीवरून ओघळतं आणि लोक म्हणतात, एसी अचानक बिघडला. म्हणून आत्ताच ट्रेमध्ये लिटरभर पाणी हळूहळू ओता. ते बाहेर सरळ धारेने पडलं पाहिजे. पाइपाला कुठे पोट आलेलं नसावं आणि त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नसावं.

प्रश्न : मार्चमध्ये सर्व्हिसिंग केलं की एसी झकास चालतो. मे महिन्यात दुपारी तीनला मात्र नुसतीच हवा येते, अर्ध्या तासाने परत गार होतो. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर आहे. (नंदनवन)

दोष बहुधा बाहेरच्या युनिटचा आहे. खोलीतली उष्णता त्याला ४५ अंशांच्या हवेत फेकायची असते, आणि त्यासाठी कॉइलमधला गॅस त्याहून बराच तापलेला, ६० अंशांच्या घरात असावा लागतो. कॉइलच्या पापुद्र्यांत धूळ अडकली, त्यात सावरीचा कापूस बसला की उष्णता निघत नाही, प्रेशर चढतं आणि जास्त तापला की वीज तोडणारा "ओव्हरलोड" नावाचा सुरक्षा-स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. थंड झाला की पुन्हा सुरू. मार्चच्या सकाळी ११ला ही गोष्ट कधीच दिसणार नाही. सर्व्हिसिंगनंतरची चाचणी दुपारी २ ते ४ च्या दरम्यान, दारं लावून, पाऊण तास घ्या.

युनिट गच्चीवर किंवा बाल्कनीत असेल तर घरी धुता येतं. तिसऱ्या मजल्याच्या भिंतीवर लटकलेलं असेल तर मुळीच नाही. एमसीबी (बोर्डावरचा एसीच्या लाइनचा स्विच) बंद करा आणि दहा मिनिटं थांबा, कारण कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते; आतल्या तारांना तरीही हात लावायचा नाही. आधी मऊ ब्रशने कापूस आणि जाळी उभ्या दिशेने झाडा. वरचं झाकण काढून सर्किट बोर्ड आणि पंख्याची मोटर पॉलिथिनने झाका, मग बागेच्या नळीने आतून बाहेर पाणी मारा. बाहेरून मारलं तर धूळ आणखी आत ठासते. गाडी धुण्याचा प्रेशर पंप वापरू नका, ॲल्युमिनियमचे पापुद्रे चपटे होतात आणि चपटा झालेला भाग मेलेलाच. बोर्डवर पालीची किंवा मुंग्यांची वस्ती दिसली तर झाकण लावण्याआधी मेकॅनिकला दाखवा.

पश्चिमेच्या उन्हासाठी वर दीड-दोन फुटांवर पत्र्याची सावली करा. चारही बाजूंनी पेटी मात्र करू नका. युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. पुढे निदान दोन फूट मोकळं हवं.

धुऊनही बंद पडत असेल आणि एसी साधा, बिनइन्व्हर्टरचा असेल, तर कपॅसिटर तपासून घ्या. कॉम्प्रेसर "घूँ" करून थांबतो, सुरू होत नाही, ही त्याची खूण. डबीचं वरचं तोंड फुगलेलं दिसतं. जुन्यावर जितके मायक्रोफॅरड छापलेले, तितक्याचाच नवा लावायचा.

प्रश्न : एकाच खोलीत कुलर आणि एसी एकत्र चालवला तर बिल वाचेल का? (महाल)

उलट वाढेल. कुलर हवेत पाणी घालतो आणि एसीला तेच पाणी वीज खर्चून काढावं लागतं. कोरड्या मे महिन्यात दिवसा खिडकी उघडी ठेवून कुलर, रात्री खिडकी लावून एसी, ही वाटणी नागपूरला बरी. कुलर लोखंडी असेल तर अर्थिंग तपासा आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) लावा. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, बटण बंद करणं पुरेसं नाही.

प्रश्न : एसीचा प्लग गरम होतो. स्टॅबिलायझर लावू का? (हिंगणा रोड)

स्टॅबिलायझरने प्लग थंड होणार नाही. सॉकेट सैल झालंय किंवा वायर बारीक आहे. दीड टनाच्या एसीला स्वतंत्र लाइन, निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर (बोर्ड लांब असेल तर ४ ची) आणि १६ ॲम्पिअरचं घट्ट सॉकेट लागतं. प्लगच्या पिना तपकिरी पडल्या असतील तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना नव्यालाही जाळतो.