अहवाल ‘फुटला’ की ‘उजेडात आला’?

राजापूर तालुक्यातील एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. त्या एका स्थानिक साप्ताहिकासाठी बातम्या लिहितात. किनाऱ्यावरील एका प्रकल्पाविषयीचा, लोकांपुढे न ठेवलेला सरकारी अहवाल त्यांच्या हाती आला. बातमीत त्यांनी ‘अहवाल उजेडात आला’ असे लिहिले आणि संपादकांनी मथळ्यात ‘गोपनीय अहवाल फुटला’ असा बदल केला. या दोन शब्दप्रयोगांत फरक आहे का, ‘गुप्त’ आणि ‘गोपनीय’ यांचा अर्थ एकच का, आणि अहवाल देणाऱ्या कर्मचाऱ्याला मराठीत काय म्हणावे, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या मते फरक मोठा आहे, कारण बातमीतले क्रियापद वाचकाच्या मनात आरोपी कोण हे आधीच ठरवून टाकते.

‘फुटणे’ आणि ‘फोडणे’ ही क्रियापदे संस्कृत ‘स्फुट्’ धातूपासून आली. धातुपाठात या धातूचे विकसणे आणि फाटून विखुरणे असे दोन्ही अर्थ दिले आहेत, आणि मराठीने ते दोन्ही जपले. भांडे फुटते, खाजणाचा बांध फुटतो. तशीच झाडाला पालवी फुटते आणि पूर्वेला तांबडेही फुटते. संस्कृतात ‘स्फुट’ म्हणजे उमललेले, स्पष्ट. जुन्या वर्तमानपत्रांतील छोट्या टिपणांनाही ‘स्फुट’ म्हणत. त्यामुळे मूळ धातूत काळिमा नाही. काळिमा आला तो वापरातून. किल्लेदार फोडला, साक्षीदार फोडला, घर फोडले या प्रयोगांत निष्ठेचा किंवा मालकीचा भंग आहे. ‘कागद फोडला’ म्हटले की हीच छटा त्या माणसाला चिकटते. उलट ‘अन्यायाला वाचा फोडली’ या प्रयोगात तेच क्रियापद गौरवाचे होते, आणि ‘बिंग फुटले’ म्हणताना दोष लपवणाऱ्याकडे जातो. म्हणजे या क्रियापदाचा रंग त्याच्या कर्मावर ठरतो. वाचा आणि बिंग या शब्दांत अन्याय आधीच गृहीत आहे. ‘कागद’ हा शब्द मात्र आतल्या मजकुराविषयी काहीच सांगत नाही. म्हणून वाचकाचे लक्ष मजकुरावरून हटते आणि कागद बाहेर कसा आला याकडे लागते.

आज ‘फुटणे’ वाचताच आठवते ती पेपरफुटी. प्रश्नपत्रिकेची गुप्तता रास्त असते आणि तिला मुदतही असते. परीक्षेची घंटा झाली की ती संपते. ती फुटते तेव्हा लाभ पैसे मोजणाऱ्या मूठभरांना होतो आणि तोटा प्रामाणिक विद्यार्थ्यांना. निविदेतील दरांचेही तसेच. अशा ठिकाणी ‘फुटणे’ अगदी योग्य आहे. पण ज्यांच्या जमिनी, बागा आणि मासेमारीवर परिणाम होणार त्यांच्याच विषयीचा अहवाल त्यांच्यापासून दूर ठेवला असेल, तर तो बाहेर येण्याने लाभ सर्वांना होतो. तिथे ‘उजेडात आला’, ‘उघड झाला’ हेच प्रयोग वस्तुस्थितीला धरून आहेत. मालवणीत ‘गजाल भायर पडली’ म्हणतात, तेही निर्दोष आहे.

कोकणाला याचे जवळचे उदाहरण आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीने आपला अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सादर केला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील खाणी व ऊर्जाप्रकल्प यांचा विचार करण्याचे काम समितीकडे मुद्दाम सोपवलेले होते. तरीही अहवाल कित्येक महिने प्रसिद्ध झाला नाही. केरळमधील एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात तो मागितला, तेव्हा तो अद्याप अंतिम नाही, या कारणासाठी मंत्रालयाने नकार दिला. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथे हरले, आणि मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. याला ‘अहवाल फुटला’ म्हणणे सरळसरळ चूक ठरेल, आणि ‘सरकारने प्रसिद्ध केला’ म्हणणेही अपुरे. ‘खुला करावा लागला’ हे मराठी संयुक्त क्रियापद इथे अचूक बसते, कारण ‘लागला’ या एका शब्दात नकार, अपील आणि आदेश हा सगळा प्रवास सामावतो.

आता ‘गुप्त’ आणि ‘गोपनीय’. दोन्हींचा धातू ‘गुप्’, अर्थ रक्षण करणे. ‘गुप्त’ म्हणजे राखलेले, झाकलेले. हे केवळ स्थितीचे वर्णन आहे. ‘गोपनीय’ मध्ये ‘अनीय’ प्रत्यय आहे, तोच जो वंदनीय, दर्शनीय या शब्दांत आहे. म्हणून त्याचा अर्थ राखण्यास योग्य असा होतो. एखादा अहवाल गुप्त होता हे बातमीदार डोळ्यांनी पाहून सांगू शकतो, पण तो गोपनीय होता असे लिहिताना तो नकळत सरकारचा निवाडा आपला म्हणून मांडतो. शिक्का मारलेला असेल तर ‘गोपनीय असा शिक्का असलेला अहवाल’ असे लिहावे. शिक्का नसेल तर ‘अप्रकाशित’ किंवा ‘लोकांपुढे न ठेवलेला’ पुरे. आपल्या भगिनींच्या मथळ्यात मला ‘फुटला’ इतकाच ‘गोपनीय’ हा शब्दही खटकतो.

ही काटेकोरी का हवी, ते कायद्याच्या इतिहासावरून कळते. १८८९ मध्ये कोलकात्याच्या अमृत बझार पत्रिकेने काश्मीरविषयक एक अंतर्गत सरकारी टिपण छापले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने शासकीय गुपितांचा पहिला कायदा केला. कर्झनच्या काळात तो कडक करणारे विधेयक आले, तेव्हा लष्कर व नौदलाच्या गुपितांच्या पंक्तीला मुलकी कारभार बसवण्यास केंद्रीय विधिमंडळात जोरदार विरोध करणाऱ्यांत गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले होते. त्यांचा भेद आजही मोलाचा आहे. सैन्याच्या हालचाली शत्रूपासून राखणे वेगळे आणि कारभारातील चुका प्रजेपासून झाकणे वेगळे. विधेयक १९०४ मध्ये संमत झाले आणि पुढे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आला, जो अजून लागू आहे. या कायद्यात ‘गुपित’ म्हणजे काय याची व्याख्या नाही, आणि त्याच्या पाचव्या कलमात कागद देणाऱ्याइतकाच, नियमभंग करून दिला आहे हे जाणून तो घेणाराही दोषी धरता येतो. माहितीचा अधिकार कायदा २००५ मध्ये आला. त्याने आपल्या तरतुदी या जुन्या कायद्यापेक्षा वरचढ ठरवल्या आणि लोकहित हानीहून मोठे असेल तर माहिती देता येते असेही सांगितले. पण जुना कायदा रद्द झाला नाही.

क्रियापदाचे वजन न्यायालयातही दिसले. ‘द हिंदू’ने राफेल विमान खरेदीसंबंधी संरक्षण मंत्रालयाची टिपणे छापली. या खरेदीविषयीच्या निकालावरील फेरविचार याचिकांच्या सुनावणीत ६ मार्च २०१९ रोजी महान्यायवादींनी, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य वकिलांनी, सर्वोच्च न्यायालयात ती कागदपत्रे ‘चोरीला गेली’ असे सांगितले, आणि दोनच दिवसांनी, आपल्याला मूळ कागदांच्या छायाप्रती म्हणायचे होते, असा खुलासा केला. मूळ कागद जागेवर असताना चोरी झाली कशाची, हा प्रश्न शब्दांचाच आहे, पण त्यावर एखाद्या पत्रकाराचा तुरुंगवास अवलंबून असू शकतो. १० एप्रिल २०१९ रोजी न्यायालयाने, अशी कागदपत्रे विचारात घेऊ नयेत हा सरकारचा आक्षेप फेटाळला आणि ही कागदपत्रे विचारात घेता येतील असे ठरवले. फेरविचार याचिका नोव्हेंबरमध्ये फेटाळल्या गेल्या, तरी आक्षेपावरील हा निर्णय कायम आहे.

इथे ‘बातमीदार’ या शब्दाकडे पाहावे. जुन्या मराठीत बातमी म्हणजे हेराने आणलेली खबर, आणि बातमीदार म्हणजे ती आणणारा. छापखाना आला, पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले, आणि पुढे याच शब्दाला आजचा अर्थ मिळाला. हेर आपली खबर एका धन्याला गुपचूप देतो. वृत्तपत्र तीच खबर सर्वांना, अगदी ज्याच्याविषयी आहे त्यालाही, एकाच वेळी देते. हा फरक मराठीने केव्हाच स्वीकारला, पण जगातील अनेक कायद्यांनी अजून स्वीकारलेला नाही. व्हिएतनाम युद्धाविषयीची अमेरिकी सरकारची कागदपत्रे डॅनियल एल्सबर्ग यांनी वृत्तपत्रांना दिली. ३० जून १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी छपाईवर बंदी घालण्यास नकार दिला, परंतु एल्सबर्ग यांच्यावर १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली खटला चाललाच. तो १९७३ मध्ये, सरकारच्याच गैरवर्तनामुळे, निकालात निघाला. गुप्त कागदपत्रे प्रसिद्ध करणाऱ्या ‘विकिलीक्स’ या संकेतस्थळाचे ज्युलियन असांज यांनी अमेरिकी सरकारचे कागद चोरून एखाद्या परक्या राज्याला दिले नव्हते, प्रसिद्ध केले होते. तरी तोच कायदा त्यांना लावला गेला. जवळजवळ सात वर्षे लंडनमधील इक्वेडोरच्या वकिलातीत आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ बेलमार्श तुरुंगात राहिल्यावर, जून २०२४ मध्ये एका आरोपाची कबुली देऊन ते सुटले. अमेरिकी लष्करातील ज्या चेल्सी मॅनिंग यांनी ती कागदपत्रे विकिलीक्सला दिली, त्यांना २०१३ मध्ये पस्तीस वर्षांची शिक्षा झाली होती. ती २०१७ मध्ये कमी करण्यात आली. देणारा आणि छापणारा यांची जबाबदारी वेगळी आहे. देणाऱ्याने नोकरीतील वचन मोडलेले असते, त्याचे समर्थन लोकहिताच्या आधारे करावे लागते. छापणाऱ्याने असे वचन दिलेलेच नसते. ‘कागद फोडणारे’ असा एकच शब्द दोघांना लावला की हा भेद पुसला जातो. ‘अमुक यांनी दिले, अमुक यांनी प्रसिद्ध केले’ असे दोन क्रियापदांत लिहावे.

देणाऱ्यासाठी मराठीत ‘जागल्या’ हा शब्द अलीकडे रुळतो आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. जागल म्हणजे रात्रीची राखण. जागल्या हा गावगाड्यातील पहारेकरी. तो गावाच्या वतीने जागतो आणि धोका दिसला की हाक देतो. ‘खबऱ्या’ वरच्याला कळवतो, ‘फितूर’ शत्रूला जाऊन मिळतो, ‘चहाडखोर’ स्वतःच्या फायद्यासाठी बोलतो. या तिन्हींतला कोणताही शब्द इथे चालणार नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंते सत्येंद्र दुबे यांनी रस्त्याच्या कामातील गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र त्यांच्या नावासकट कार्यालयांत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. न्यायालयात तो लुटीच्या वेळचा खून ठरला, परंतु त्यांची विनंती पाळली गेली नाही हे सत्य त्याने बदलत नाही. ‘गोपनीय’ हा शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने ज्याला लागू होतो असे काही असेल, तर ते जागल्याचे नाव. त्याच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना निघाली नाही.

एक सावधगिरी मात्र हवीच. ‘उघड झाले’ म्हणताना कागद खरा आहे याची हमी आपण देत असतो. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयीची, तिथले कारभारी बर्वे यांची म्हणून मिळालेली पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापली, ती बनावट निघाली, आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांचा हेतू शुद्ध होता आणि कोल्हापूरच्या महाराजांविषयीची कळकळ खरी होती, तरी कागद खोटे होते. खात्री होईपर्यंत ‘आमच्या हाती आलेल्या प्रतीनुसार’ एवढेच लिहावे, आणि संबंधित कार्यालयाचे म्हणणे त्याच बातमीत द्यावे.

तेव्हा आपल्या भगिनींच्या बातमीला ‘प्रकल्पाचा अप्रकाशित अहवाल उजेडात’ हा मथळा शोभेल. ‘गौप्यस्फोट’ टाळावा, तो शब्द व्याकरणदृष्ट्या शुद्ध असला, तरी रोजच्या राजकीय आरोपांनी तो झिजला आहे. ‘लीक’ हा शब्द बोलण्यात चालू द्यावा, ‘अहवाल लीक झाला’ हे वाक्य आता सर्वांना कळते. पण ‘लीक केला’ असे लिहिण्यापूर्वी तो कोणी केला हे ठाऊक आहे का आणि ठाऊक असल्यास ते छापणे त्या माणसाच्या जिवावर बेतणार नाही ना, एवढे पाहावे.