पखवाज सोडू का, सर?

गंगाखेड तालुक्यातल्या एका लेकीचं पत्र आलंय, लांबलचक, मधे कुठंच पूर्णविराम नाही, एका दमात टाईप केलेलं, आणि मला ते दोनदा वाचावं वाटलं. बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे, परभणीत रूम करून राहते, इतिहास आणि संगीत हे विषय. आजोबांकडनं पखवाज शिकली, सप्ताहात कीर्तनाला साथ करते, आधी लोक "पोरगी वाजवायलीय" म्हणून बघायला यायचे आता ऐकायला येतात असं तिनंच लिहिलंय. पुण्यातल्या मावसभावानं डोक्यात भरवलं की कोडिंग शिक, सहा महिन्यांचा क्लास आहे, फी पंच्याऐंशी हजार, जॉब गॅरंटी. वडील म्हणतात सोयाबीनचे पैसे आले की भरतो, पण मग ते वाजवणं बंद. तिचं विचारणं असं की बारावी आर्ट्सवाल्या, गणितात कच्च्या, इंग्रजीला घाबरणाऱ्या आणि लॅपटॉप नसलेल्या मुलीला हे जमंल का, आणि त्यासाठी पखवाज सोडायचा का.

लेकी, आधी निकाल सांगतो मग कारणं सांगतो. क्लासची फी भरू नका. पखवाज सोडू नको. कोडिंग आज रात्रीच सुरू कर, फोनवर.

फीचं आधी बोलू कारण त्यात घरचा घाम आहे. मी स्वतः १९९८ साली असाच एक क्लास केलेला माणूस आहे. आमच्या वडलांनी कापूस विकून पैसे भरले, चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत जायचं, वीस पोरांत दोन कॉम्प्युटर, त्यामुळं सी लँग्वेज आम्ही वहीवर शिकलो. वहीवर! दोन आकड्यांच्या बेरजेचा प्रोग्राम मला तोंडपाठ होता, परीक्षेत धडाधड लिहिला, पैकीच्या पैकी मार्क. तोंडी परीक्षेत सरांनी म्हटलं आता वजाबाकीचा लिही, तर मी म्हटलं सर तो शिकवला नाही. हसू नको, आजही असंच चालतंय, फक्त वहीच्या जागी व्हिडिओ आलेत. सगळे क्लास वाईट असं नाही म्हणत मी, पण ज्या माणसानं अजून एक ओळ लिहून बघितली नाही, आपल्याला हे आवडतंय का नाही हेच ज्याला माहीत नाही, त्यानं पंच्याऐंशी हजार भरणं म्हणजे पाणी लागतंय का ते न बघताच मोटार विकत आणणं. आणि गॅरंटी कागदावर मागून बघा, "नोकरी देऊ" लिहिलंय की "मुलाखतीला पाठवू" लिहिलंय, ह्या दोन वाक्यांतच सगळं आलं.

आता शिकायचं काय. पायथन. १९९१ साली आलेली भाषा आहे, फुकट आहे, वाचायला सोपी आहे आणि नवशिक्याला आज तीच बरी. आधी पायथन की सी की जावा ह्या चर्चेत पोरं तीन-तीन महिने घालवतात, तू त्या फंदात पडूच नको. फोनवर पायड्रॉइड नावाचं ऍप घे, नाहीतर ब्राउझरमधे गुगल कोलॅब उघड, दोन्हीत काम होतं. बारीक की-बोर्डवर कंस टाईप करताना जीव जातो हे खरंय, पण पहिले दोन महिने निभतं. स्वयम ह्या सरकारी पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत, शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तरच फी. इंग्रजीची भीती वाटत असली तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघ, त्यात बरेच धडे मराठी आवाजात आहेत, दहा-दहा मिनिटांचे. आणि एमएससीआयटी झालीय असं लिहिलंस, छान, पण ते कॉम्प्युटर वापरणं झालं, हे त्याला काम सांगणं आहे, दोन्ही वेगळं.

पण कोर्स बघण्याआधी माझं एक ऐक. कोर्सात तुला पहिल्या आठवड्यात नफा-तोटा, विद्यार्थ्यांचे मार्क, असले प्रोग्राम देतील आणि तुला झोप येईल. तू तिहाई घे.

तुला हे मी सांगायला नको, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो, तिहाई म्हणजे एकच बोल, म्हणजे ठोक्यांचा तुकडा, तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला पाहिजे. मधे दोनदा थांबायचं त्याला दम म्हणतात. चौताल बारा मात्रांचा, समेपासून उचलली आणि पुढच्या समेवर आणली तर ती सम मोजून तेरा मात्रा झाल्या. म्हणजे बोलाची लांबी तिप्पट, अधिक दम दुप्पट, बरोबर तेरा. तुझे आजोबा हे बोटांच्या पेरांवर काढत असतील, विचार त्यांना. आता हेच कॉम्प्युटरला सांगायचं: बोल एक मात्रेपासून तेरापर्यंत धरून बघ, प्रत्येक बोलासाठी दम शून्यापासून सहापर्यंत धरून बघ, तिप्पट अधिक दुप्पट तेरा झाले तर छाप. दोन फॉर (एकेक आकडा धरून बघ), एक इफ (जमलं तर), एक प्रिंट (छाप). चार ओळी! रन केलं की उत्तरं दोनच येतात, एक मात्रेचा बोल आणि पाच मात्रांचा दम, नाहीतर तीन मात्रांचा बोल आणि दोनचा दम. वाजवून बघ, समेवरच येतंय. खऱ्या तिहायांत अर्ध्या-पाव मात्रा येतात ते मला माहितीय, ते दुसऱ्या महिन्यात.

ह्या चार ओळी पहिल्यांदा चालणार नाहीत हे आत्ताच सांगून ठेवतो. तेरापर्यंत पाहिजे म्हणून तू रेंजमधे, म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजायचं ते सांगतात तिथं, एक आणि तेरा लिहिशील, आणि पायथन बारावरच थांबेल, कारण शेवटचा आकडा तो धरतच नाही, चौदा लिहावं लागतं. मजा म्हणजे ह्या प्रोग्रामला तेरावं लागतही नाही, म्हणून उत्तर बरोबरच येईल आणि चूक झाली हे तुला कळणारसुद्धा नाही, ती पुढच्या कुठल्यातरी प्रोग्रामात चावंल. मग इफमधे बरोबरचं चिन्ह एकदाच देशील, तिथं दोनदा द्यावं लागतं, एकदा म्हणजे "ठेव" आणि दोनदा म्हणजे "सारखं आहे का बघ". फॉरच्या खालची ओळ थोडी आत सरकवायची राहील. आणि की-बोर्ड मराठीवर राहिला तर लाल अक्षरात बोंब मारंल, कारण कोडमधे १६ असा आपला आकडा सरळ लिहिलेला त्याला चालत नाही, इंग्रजीच लागतो. गंमत अशी की नाव मात्र देवनागरीत चालतं, "मात्रा", "दम", "बोल" असं खुशाल लिही.

लाल अक्षरं आली की बऱ्याच पोरांना वाटतं आपल्याला जमत नाही. अगं, डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या बाजूच्या चामड्याला, कणीक जास्त लागली तर आवाज बसतो, मग तू काय पखवाज फेकून देतेस का, थोडी काढतेस, परत थाप मारून बघतेस. एरर तसंच बघायचं, खालची ओळ आधी वाचायची, तिथं काय बिघडलं ते लिहिलेलं असतं आणि ओळीचा नंबर त्याच्या जरा वर असतो. एवढंच इंग्रजी लागतं सुरुवातीला, पन्नासेक शब्द, तेच तेच परत येतात.

गणिताचं तू उगंच मनावर घेतलंय. तुला भागाकाराची बाकी काढता येते ना? पस्तिसावी मात्रा चौतालात कुठं पडते हे तू न मोजता सांगशील, अकरावी, बघ, हेच ते गणित. आणखी एक सांगतो, हे तुझ्या इतिहासातही बसंल. एक मात्रेचा लघु आणि दोन मात्रांचा गुरू घेऊन चार मात्रा किती प्रकारे भरता येतात? पाच. पाच मात्रा आठ प्रकारे, सहा मात्रा तेरा. मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा. गुजरातेतल्या हेमचंद्राचार्यांनी हे बाराव्या शतकात छंदशास्त्रात मांडलंय आणि इटलीतल्या फिबोनाचीच्या नावानं जगभर कोडिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या धड्यात तेच शिकवतात, त्याचं पुस्तक १२०२ सालचं. कवितेच्या मात्रा मोजणाऱ्याला ते आधी सापडलं, आणि तू म्हणतीस आर्ट्सवाल्याचं काम नाही.

वेळेचं. रियाज पहाटे आहे, तो हलवू नको. कोडिंग रात्री जेवल्यावर पाऊण तास, रोज. रविवारी पाच तास बसून बाकीचे दिवस सुट्टी, हे पखवाजात चालतं का? बोल आधी तोंडानं पढंत करतेस मग हातानं, तसंच आधी कागदावर मराठीत लिही काय करायचंय, मग टाईप कर. सप्ताहाच्या सात दिवसांत कोडिंग बंद ठेवलं तरी चालंल, मी काही म्हणणार नाही, पण काल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री परत बसायचं. आणि चॅटजीपीटीला प्रोग्राम लिहून मागू नको, निदान पहिले चार महिने. एरर समजत नसंल तर "ह्याचा अर्थ मराठीत सांग" एवढंच विचार. दुसऱ्यानं वाजवलेल्या रेकॉर्डिंगवर हात हलवून कोणी वादक झालेलं मी तरी बघितलं नाही.

लॅपटॉप दोन महिन्यांनी, आणि नवा नको. जुना, ऑफिसातनं निघालेला, आठ जीबी रॅमचा, एसएसडी असलेला बघा, बॅटरी किती टिकते ते दुकानातच तासभर बसून बघा. तोपर्यंत कॉलेजच्या लॅबमधे बसू देतात का विचार, संध्याकाळी ती रिकामीच असते.

आता थोडं कडू. सहा महिन्यांत नोकरी लागणार नाही. फ्रेशरला आयटीत घेणं आधीसारखं राहिलं नाही आणि बी.ए.वाल्याला नुसत्या सर्टिफिकेटवर कोणी दारात उभं करत नाही. सहा महिन्यांनी तुला एवढंच कळंल की हे आवडतंय की नाही, आणि ते कळायला फुकट लागलं. आवडलं तर पुढची वाट आहे, आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाईन बी.एस. २०२० पासून सुरू आहे, जेईई लागत नाही, बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित-इंग्रजी पाहिजे, आधी क्वालिफायर नावाची पात्रता परीक्षा पास व्हावी लागते, फीमधे उत्पन्न आणि प्रवर्गानुसार सवलत आहे. तो सोपा नाही, गणित येतं त्यात. पण बी.ए. चालू ठेवून करता येतो, यूजीसीनं २०२२ पासून दोन पदव्या एकदम करायला परवानगी दिलीय. नाही आवडलं तर एम.ए. संगीत आहेच, आणि ताल कळणारा आणि चार ओळी कोड लिहू शकणारा माणूस मला तरी आमच्या भागात अजून भेटलेला नाही.

हे पुढचं वडलांना वाचून दाखव. दादा, पोरगी दहा वर्षं रोज पहाटे उठून एकच बोल शंभरदा घासायलीय, कोडिंगला जी चिकाटी लागते ती तिच्यात आयती आहे आणि ती त्या पखवाजातनंच आलीय. ते बंद केलंत तर पंच्याऐंशी हजारही जातील आणि चिकाटीही. सोयाबीनच्या पैशातनं फारतर जुना लॅपटॉप घ्या, तोही दोन महिन्यांनी.

आणि लेकी, तुला गृहपाठ. धमार ताल घे, चौदा मात्रा, सम धरून पंधरा. तेच चार ओळींचं कोड, फक्त आकडा बदल आणि दम सातपर्यंत ने. माझी उत्तरं तीन आली, पण त्यातल्या एकात दम शून्य आहे, म्हणजे बेदम तिहाई. तू दम एकपासून सुरू केलास तर दोनच येतील. कुठलं बरोबर धरायचं हे पायथनला माहीत नाही, आजोबांना विचार, आणि ते काय म्हणाले ते मला कळव.