सोसायटीच्या नव्या सेक्रेटरीस

प्रिय नव्या सेक्रेटरीस,

कमिटीत निवडून आलीस आणि पहिल्याच बैठकीत सेक्रेटरीपद तुझ्या गळ्यात पडलं. "तू तरुण आहेस, तुला कॉम्प्युटर येतो" हेच कारण दिलं असणार. अभिनंदन, आणि आता लगेच कामाचं.

चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार या पदांकडे मानाची उतरंड म्हणून बघू नकोस. खर्च मंजूर करणारा, पैसे देणारा आणि नोंद ठेवणारा हात एकच असू नये, एवढ्यासाठी ही पदं वेगळी केली आहेत. अधिकार तिघांपैकी एकाचाही स्वतःचा नाही. सर्वसाधारण सभा सर्वोच्च, तिच्या चौकटीत कमिटी, आणि कमिटीने ठरवलेलं अमलात आणायला हे पदाधिकारी. अफरातफर करणारे फार थोडे असतात. जास्त सोसायट्या अडचणीत येतात त्या "राहू दे, मी बघतो" म्हणणाऱ्या प्रामाणिक, कामसू सेक्रेटरीमुळे. तो प्लंबर बोलावतो, बिल पास करतो, चेक लिहितो, वहीतही तोच चढवतो. दोन वर्षांनी लेखापरीक्षक व्हाउचर मागतो तेव्हा त्याच्याकडे फक्त आठवणी असतात.

आधी आपल्या सोसायटीला कोणते उपविधी, म्हणजे कारभाराचे नोंदणीकृत नियम, लागू आहेत ते बघ. शासनाने २०१४ मध्ये नवे आदर्श उपविधी दिले, पण कित्येक सोसायट्यांनी ते सर्वसाधारण सभेत स्वीकारून उपनिबंधकांकडे (सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे) नोंदवलेच नाहीत आणि कपाटात जुनीच पुस्तिका पडून असते. मी खाली देतो ते आकडे २०१४ च्या आदर्श उपविधींतले आहेत, तुझ्या नोंदणीकृत प्रतीशी ताडून घे. त्यांच्या वर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आहे. २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४-ब चं वेगळं प्रकरण आलं, तेवढं तरी शांतपणे वाचून काढ.

चेअरमनचं काम थोडक्यात सांगतो. सभा चालवणं, एकूण कारभारावर देखरेख ठेवणं, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देणं. तातडीच्या वेळी, म्हणजे रात्री पंप जळला किंवा सज्जाचा तुकडा कोसळला, तर कमिटीचे अधिकार चेअरमन एकटा वापरू शकतो. मात्र त्याची कारणं लेखी नोंदवायची आणि पुढच्या कमिटी सभेत त्या निर्णयाला मंजुरी घ्यायची. ही दुसरी पायरी हमखास राहते. तेव्हा अशा वेळी चेअरमनकडून दोन ओळींची चिठ्ठी सही-तारखेसह घे आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय तोच टाक.

आता पैसा. बँक खातं सेक्रेटरी आणि चेअरमन किंवा खजिनदार यांच्या संयुक्त सहीने चालतं, म्हणजे प्रत्येक चेकवर तुझी सही येणार. कोऱ्या चेकवर सही करून खजिनदाराकडे ठेवू नकोस, त्याच्याकडूनही तसले चेक घेऊ नकोस. "गावाला चाललोय, पाच चेक सही करून ठेवतो" इथून बहुतेक भानगडी सुरू होतात. नेट बँकिंग असेल तर एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा, आणि दोघांचे ओटीपी आपापल्या फोनवर यायला हवेत. सोयीसाठी दोन्ही पासवर्ड एकाच वहीत लिहून ठेवले, तर दोन सह्यांना काही अर्थ उरला नाही.

एका साध्या बिलाचा प्रवास बघ. पंपाचं रिवाइंडिंग झालं, ६,८०० रुपये. काम झाल्याची खात्री करून तू बिलाच्या मागे "काम पाहिले, पंप चालू" असं लिहून तारीख टाकायची. खजिनदाराने व्हाउचर करायचं: क्रमांक, कोणत्या खात्यातून, चेक क्रमांक, ठराव क्रमांक. बिल त्याला टाचणीने नाही, स्टेपलरच्या पिनेने लावायचं. पैसे घेणाऱ्याची सही व्हाउचरवरच हवी. महिनाअखेरीला खजिनदार बँक पासबुकाशी मेळ घालेल, तो कागद कमिटीपुढे ठेवून त्यावर चेअरमनची सही घ्यायची. मेळ तीन-चार महिने तुंबला की न वटलेले चेक, परत गेलेले ईसीएस (खात्यातून आपोआप वळते होणारे पैसे) आणि "हे २,४०० कोणाचे?" असल्या अनामिक जमा सापडतात, आणि मे महिन्यात हिशेब बंद करताना त्याच रकमा छळतात.

सिक्युरिटी एजन्सी, लिफ्टची एएमसी किंवा रंगाचा ठेकेदार, कुणाचंही एका वेळचं बिल ३०,००० रुपयांच्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज १,००,००० च्या वर गेली, तर टीडीएस, म्हणजे बिलातूनच आयकर, कापावा लागतो. ठेकेदार एकटा माणूस किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २ टक्के. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. सोसायटीचा टॅन नंबर (टीडीएस भरण्यासाठी लागणारा) आहे का, हे आजच विचार. गणपतीची वर्गणी मेंटेनन्सच्या खात्यात मिसळू देऊ नकोस. तिचं पावती पुस्तक वेगळं आणि हिशेबही वेगळा.

खर्चाच्या मर्यादेकडे नीट लक्ष दे. दुरुस्तीसाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी न घेता कमिटीला एका वेळी किती खर्च करता येतो, ते सभासदसंख्येवर ठरतं: २५ पर्यंत सभासद असतील तर २५,००० रुपये, २६ ते ५० असतील तर ५०,०००, आणि ५१ किंवा जास्त असतील तर १,००,०००. त्यावर गेलं की सभा बोलवायची. १,४०,००० च्या कामाची सत्तर-सत्तरची दोन बिलं करून आणणारे महाभाग प्रत्येक सोसायटीत असतात, आणि एकाच ठेकेदाराची एकाच आठवड्यातली दोन बिलं लेखापरीक्षकाला पहिल्या नजरेत दिसतात. कमिटी सभासदाचा स्वतःचा किंवा नातेवाइकाचा हितसंबंध असलेलं कंत्राट तर घ्यायचंच नाही. त्यात कमिटीचं सभासदत्व जाऊ शकतं.

तुझं खरं हत्यार म्हणजे इतिवृत्त, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. बहुतेक वह्यांत असं वाक्य असतं: "गळतीबाबत चर्चा झाली, योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले." यातून कोणी, काय, किती रुपयांत आणि कधी करायचं, यातलं काहीच ठरत नाही. ठराव असा लिही: "ठराव क्र. ४. बी विंगच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेल्या तीन कोटेशनांपैकी क्र. २ चे, करांसह ८६,००० रुपयांचे कोटेशन मंजूर. ३० टक्के आगाऊ, ४० टक्के ब्रिकबॅट कोबा झाल्यावर, उर्वरित ३० टक्के गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून गळती नसल्याची खात्री झाल्यावर. खर्च दुरुस्ती निधीतून. देखरेख खजिनदार व सेक्रेटरी यांची." खाली सूचक, अनुमोदक आणि विरोध असेल तर विरोध करणाऱ्याचं नाव. उद्या ठेकेदार आधीच पैसे मागू लागला, तर वाद घालायची गरज नाही, वही उघडून दाखवायची.

विरोधाचं नाव लिहिणं ही नुसती शिष्टाचाराची गोष्ट नाही. कमिटीच्या निर्णयांना सर्व सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. पूर्वी सदस्यांकडून एम-२० बंधपत्रावर (जबाबदारीच्या लेखी हमीवर) सही घेत ती याचसाठी. ज्याला निर्णय मान्य नाही त्याची हरकत वहीत नोंदवली नाही, तर नुकसानीच्या वेळी तोही बाकीच्यांच्या रांगेत उभा असतो. तेव्हा कोणी "माझा विरोध लिहा" म्हटलं की न कुरकुरता लिही. सैल पानांवर इतिवृत्त ठेवू नकोस, पानांना क्रमांक हवेत, मध्ये कोरी जागा सोडायची नाही, खाडाखोड झाली तर चेअरमनची आद्याक्षरं. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर पंधरा जणांनी अंगठा दाखवला म्हणजे ठराव झाला, असं समजू नकोस.

कमिटीची सभा महिन्यातून एकदा तरी व्हायला हवी, नोटीस तीन पूर्ण दिवसांची. वार्षिक सर्वसाधारण सभेची १४ पूर्ण दिवसांची, विशेष सभेची ५. "पूर्ण दिवस" मोजताना नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचा नाही. २८ सप्टेंबरला सभा असेल तर नोटीस १३ सप्टेंबरपर्यंत सगळ्यांच्या हातात पडायला हवी. एका दिवसाने चुकली की नेमका नाराज सभासद तेवढाच मुद्दा घेऊन उपनिबंधकांकडे जातो. गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांत जे कमी ते. २४ सभासदांच्या सोसायटीत १६, साठाच्या सोसायटीत २०. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करून पुढे घेता येते, पण त्या तहकूब सभेची वेळ मूळ नोटिशीतच लिहिलेली बरी.

वर्षाचं वेळापत्रक ३१ मार्चपासून उलगडतं. हिशेब ४५ दिवसांत, म्हणजे १५ मेपर्यंत तयार. लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत, सभा ३० सप्टेंबरच्या आत. लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांवर दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, तो विसरलेल्या सोसायट्या पुष्कळ आहेत.

मेंटेनन्सच्या बिलावरून भांडणं होतात, कारण सेक्रेटरीला कोणता आकडा कशावर बेतला आहे ते सांगता येत नाही. वॉचमन, सफाई, कॉमन लाइट हे सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान, मग फ्लॅट ४०० फुटांचा असो की ९००. पाणीपट्टी नळजोडांची संख्या आणि आकार बघून. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सर्वांना सारखा, तळमजल्यालासुद्धा, आणि इथेच पहिला आवाज चढतो. दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बांधकामासाठीचा राखीव निधी) किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत धरायची नाही. बांधकाम खर्च १५ लाख धरला तर दुरुस्ती निधी वर्षाला ११,२५० आणि सिंकिंग फंड ३,७५०, म्हणजे महिन्याला ९३७.५० आणि ३१२.५०. अनेक सोसायट्या "शेजारच्या बिल्डिंगमध्ये ३०० घेतात" म्हणून ३०० घेतात आणि पंधराव्या वर्षी प्लास्टर सुटलं की प्रत्येकाकडे लाखभर मागत फिरतात.

थकबाकीवर व्याज सरळव्याजाने, दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला आणि २१ टक्क्यांच्या वर नाही. बिलिंग सॉफ्टवेअर व्याजावर व्याज लावतं का, हे हातात कॅल्क्युलेटर घेऊन एकदा तपास. नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (सभासद स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हाचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. वसुलीसाठी तारखेसह लेखी नोटिसा दे, त्यांची पोच ठेव, मग १५४-ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज कर. पाणी तोडणं किंवा नावासह थकबाकीचा बोर्ड गेटवर लावणं, असल्या शौर्याच्या वाटेला जाऊ नकोस, अंगलट येतं. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची आगाऊ परवानगी आदर्श उपविधींत लागत नाही. सभासदाने आधी कळवायचं, करारनाम्याची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. "बॅचलर नकोत" हे सेक्रेटरीच्या अखत्यारीत येत नाही.

इमारतीचं दप्तरही तुझ्याकडेच. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यावरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं बी फॉर्म प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यायचं. गळतीची तक्रार आली की पाणी कुठून येतंय ते आधी ठरव. पावसाचं आणि बाहेरच्या कॉमन पाइपचं असेल तर खर्च सोसायटीचा, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधलं असेल तर तो दोन सभासदांचा प्रश्न. हे न ठरवता "बघू" म्हणालीस, तर दोघेही तुझ्या दारात उभे राहतील.

पदभार घेताना आधीच्या कमिटीकडून यादी करूनच घे, दोन प्रती, दोन्हींवर दोन्ही बाजूंच्या सह्या. नोंदणी प्रमाणपत्र, उपविधी, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणारा दस्त), भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशे, आय आणि जे नमुन्यातली सभासदांची नोंदपुस्तकं, भागदाखल्यांची (शेअर सर्टिफिकेटांची) स्थळप्रत पुस्तकं, नामनिर्देशन रजिस्टर, एफडीच्या मूळ पावत्या, विमा पॉलिसी, लिफ्टचा परवाना, पॅन-टॅन, सगळे लॉगिन. जे मिळालं नाही त्यापुढे "प्राप्त नाही" लिही. भागदाखल्याच्या मागच्या हस्तांतराच्या नोंदी आय रजिस्टरशी ताडून बघ, तिथली तफावत पुनर्विकासाच्या वेळी पात्र सभासदांच्या यादीत उगवते.

बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव पुढच्याच कमिटी सभेत घे. नव्या पदाधिकाऱ्यांची नावं, खाते क्रमांक, संयुक्त सहीची पद्धत आणि जुन्या सह्या रद्द, हे सगळं त्यात हवं. केवायसी आणि बँकेच्या फेऱ्यांत दोन-तीन आठवडे सहज जातात आणि वॉचमनचा पगार थांबत नाही. तेवढ्या काळातल्या नेमक्या कोणत्या देण्यांच्या चेकवर जुन्या पदाधिकाऱ्यांनी सह्या करायच्या, त्याची रकमांसह यादी त्याच ठरावात घाल.

तुझा,
हितचिंतक