सोळा जीबीवरची चांदणी

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे आणि त्याला गेम खेळता येतील असा फोन हवा आहे. महात्मा गांधी रोडवरची तीन दुकाने आम्ही पालथी घातली. प्रत्येक खोक्यावर ‘एआय’, ‘मिलिटरी ग्रेड’, ‘१६ जीबी रॅम’, ‘इमर्सिव्ह अनुभव’ असे काही ना काही छापलेले होते आणि अर्थ विचारला की विक्रेता तोच शब्द जरा मोठ्या आवाजात पुन्हा सांगत असे. आमची पिंपळगावला द्राक्षबाग आहे, या विषयातले आम्हाला फारसे कळत नाही. यातले खरे किती आणि पोकळ किती, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हे ओळखण्याची रीत आपल्याला बागेतच ठाऊक झालेली आहे. ‘माल एक नंबर आहे’ एवढ्यावर निर्यातीचा व्यापारी सौदा करत नाही. तो मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये पाहतो, ब्रिक्स (रसातली गोडी) मोजतो आणि मगच भावाचे बोलतो. खोक्यावरच्या शब्दालाही तेच विचारावे : मोजले काय, कोणत्या अटीवर आणि कोणी?

रॅम म्हणजे चालू ॲप्स आणि गेम वापरतात ती फोनची वेगवान स्मृती. ‘१६ जीबी रॅम’ या शब्दांच्या डोक्यावर बहुधा एक बारीक चांदणी (*) असते आणि तिचा खुलासा खोक्याच्या बुडाशी, भिंगाखेरीज वाचता येणार नाही अशा अक्षरांत असतो : ८ जीबी रॅम आणि ८ जीबी ‘व्हर्च्युअल’. ही दुसरी आठ म्हणजे फोटो आणि व्हिडिओ साठवण्याच्या जागेतून उसनी घेतलेली जागा होय. ती खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी संथ असल्यामुळे मागे उघडी राहिलेली ॲप्स लगेच बंद पडू नयेत इतपत तिचा उपयोग होतो, चालू गेमला मात्र तिचा जवळजवळ काहीच लाभ होत नाही. जाहिरातीतील खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात असावा, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

‘मिलिटरी ग्रेड’ वाचून देवळालीच्या तोफखान्यात हा फोन पास झाला असावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात हा निर्देश बहुधा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘मिल-एसटीडी-८१०’ या चाचणी-पद्धतींच्या संग्रहाकडे असतो. त्यात उष्णता, दमटपणा, धूळ, हादरे अशा अनेक चाचण्या आहेत. त्यांपैकी कोणत्या करायच्या हे उत्पादकच ठरवतो आणि बाजारातल्या फोनला ते खाते कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. पडण्याच्या चाचणीत वस्तू ६ बाजू, १२ कडा आणि ८ कोपऱ्यांवर, म्हणजे एकूण २६ वेळा पाडतात, परंतु हे २६ आघात पाच नगांपर्यंत वाटून देण्याची मुभा आहे. आपल्या मुलाला फोन एकच मिळणार आहे.

काही खोक्यांवर दिसणारा ‘१४४ हर्ट्झ’ हा त्यामानाने प्रामाणिक शब्द, कारण त्यात आकडा आहे : पडदा सेकंदाला १४४ वेळा नवे चित्र दाखवू शकतो. मात्र गेम सेकंदाला ६० चित्रेच तयार करत असेल तर उरलेली क्षमता पडून राहते. म्हणून मुलगा जो गेम खेळतो तो या फोनवर किती ‘एफपीएस’ने (सेकंदाला किती चित्रांनी) चालतो, एवढेच विचारावे.

‘एआय’विषयी एकच प्रश्न पुरेसा आहे : इंटरनेट बंद केल्यावर यातले काय चालते? ‘इमर्सिव्ह’ला (म्हणजे ‘गुंगवून टाकणारा’ला) तर मोजपट्टीच नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नये. (हा रोग जुनाच आहे, १९९० च्या दशकात सेगा कंपनीने आपल्या गेमयंत्रासाठी ‘ब्लास्ट प्रोसेसिंग’ असा शब्द गाजवला होता आणि ते यंत्र घेणाऱ्या मुलांपैकी क्वचितच कोणाला त्याचा अर्थ सांगता आला असता.)

बिल करण्याआधी दुकानातला सुरू असलेला नग मागून ‘सेटिंग्ज’मध्ये फोनविषयीची माहिती उघडावी, तिथे रॅम बहुधा ‘८ + ८’ अशी फोडून लिहिलेली असते. त्यातला पहिला आकडा तेवढा धरावा आणि किमतीची तुलना त्यावरूनच करावी. खोक्यावरचा दावा आणि हातातला फोन जुळत नसल्यास खोके फेकू नये, त्याचे आणि पावतीचे फोटो काढून ठेवावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.