ऑस्ट्रेलियाचा १८९ व्हिसा मिळालाय, कायमचं जायच्या आधी थोडे दिवस जाऊन परत कुडाळला येता येईल का?

हो येता येतं, बिनधास्त जा. १८९ ही पीआरच आहे, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, व्हिजिटर व्हिसा वेगळा काढायची गरज नाही आणि पाच वर्षांच्या आत कितीही वेळा ये-जा करता येते. फक्त ग्रँट लेटर (व्हिसा मंजुरीचं पत्र) नीट वाचा, त्यात पहिल्यांदा कधीपर्यंत पोचायचं ती तारीख असते, बहुतेक वेळा पोलीस क्लिअरन्स किंवा मेडिकलच्या तारखेवरून ठरवलेली, आणि व्हिसात बायको-मुलं असतील तर त्यांनीपण त्या तारखेच्या आत एकदा पाऊल टाकायला हवं, हे लोक हमखास विसरतात.

आता खरी गोम. पाच वर्षं ग्रँटच्या दिवसापासून मोजतात, तुम्ही राहायला गेलात त्या दिवसापासून नाही. नंतर बाहेर जाऊन परत यायचं तर रिसिडेंट रिटर्न व्हिसा लागतो आणि तो सरळ हवा असेल तर मागच्या पाच वर्षांत दोन वर्षं तिथे राहिलेलं पाहिजे. म्हणजे चार वर्षं इकडे कुडाळलाच काढलीत तर अवघड होईल. १९० वाल्यांचं (तिथल्या एखाद्या राज्याने नॉमिनेट केलेला व्हिसा) जरा वेगळं, राज्याला राहायचा शब्द दिलेला असतो.

त्या फेरीत टॅक्स फाइल नंबरचा (आपल्या पॅनसारखा तिकडचा नंबर) अर्ज करून टाका, भाड्याचे एरिया बघा. आणि मे महिन्यात जात असाल तर हापूसची पेटी घेऊन जाऊ नका हां, ताजी फळं एअरपोर्टवरच काढून घेतात. सुकी मासळी, कुळीथ काही असेल तर उतरताना भरायच्या कार्डावर डिक्लेअर करा, लपवलंत तर जबर दंड बसतो.